ईशान्येला कोण राहतं

आमच्या सासूबाईंना, म्हणजे कुमुदिनीबाईंना, आठ दिशांपैकी एकाच दिशेचं पडलेलं असतं. ईशान्य. बाकीच्या सातांचं काय व्हायचं ते होवो. टोकियोत आल्या आल्या त्यांनी माझ्या नवऱ्याकडून, प्रथमेशकडून, फोनमध्ये होकायंत्र टाकून घेतलं. व्हिडिओ कॉल लावला तर अजून आम्हाला त्यांचा नुसता कान दिसतो, पण होकायंत्र मात्र एकदम चोख. कोनबिनीत दूध आणायला गेलो तरी या फ्रीजसमोर फोन आडवा धरून उभ्या. मी म्हणायचे, "आई, ते दुकान आहे, आपल्याला राहायचं नाहीये तिथे." त्या म्हणायच्या, "असू दे गं. बघून ठेवलेलं बरं."

मी तशी तोंडाची फटकळ. माहेरी सगळे म्हणायचे, नुपूरला मिरची वाढू नका, आधीच आत भरपूर आहे. पण या एका बाबतीत मी सासूबाईंना फार बोलायची नाही. हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं.

माझे सासरे, विश्वनाथराव, चार वर्षांपूर्वी गेले. हार्ट अटॅक. पुण्याला सिंहगड रोडच्या फ्लॅटमध्ये, सकाळी चहा पिता पिता. तेराव्याच्या जेवणाला आलेल्या, सासूबाईंच्या एका लांबच्या दिरांनी गोडाची वाटी चाटूनपुसून संपवली, घरभर नजर फिरवली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "वहिनी, ईशान्येत संडास? अहो, ती देवाची जागा! तिथे संडास असल्यावर देव राहील का घरात? आणि देव गेला की घरातला पुरुष टिकत नाही." एवढं बोलून ते हात धुवायला गेले. मला तेव्हा त्यांच्या डोक्यात वरणाचं पातेलं घालावंसं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

तो फ्लॅट सासूबाईंनीच पसंत केलेला. त्याच मजल्यावर दुसरा होता, सासऱ्यांना तो आवडला होता, पण याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पर्वती दिसते म्हणून सासूबाईंनी हट्टाने हा घेतला. त्या तेराव्यापासून त्यांनी त्या खिडकीचा पडदा ओढला तो उघडलाच नाही. रडल्याही नाहीत. बाई रडत नाही म्हणून नातेवाइकांनी त्याचीही चर्चा केली. लोकांचं काय, त्या रडल्या असत्या तरी जास्त रडली म्हणाले असते.

मग घराची किल्ली माझ्या नणंदेकडे, चित्राताईंकडे, ठेवून प्रथमेश आईंना इकडे घेऊन आला. व्हिसा कसा मिळाला तो एक स्वतंत्र ग्रंथ होईल, तो राहू दे. आम्ही तेव्हा हिगाशी-कसाईला एका टॉवरमध्ये राहत होतो. कसाई हे नाव ऐकूनच सासूबाईंनी डोळे मिटले होते. आत आल्या, होकायंत्र काढलं, आणि संडास, दुसरं काय होणार, बरोब्बर ईशान्येला. त्यांनी फोनकडे पाहिलं आणि मग प्रथमेशच्या तोंडाकडे. ती नजर मी विसरले नाही. नवरा गेला, आता मुलगा, एवढंच त्या नजरेत होतं.

तेव्हापासून प्रथमेश टोकियोतल्या बँकेतून घरी येईपर्यंत त्या दारात स्टूल टाकून बसायच्या. ट्रेन उशिरा आली की घास गिळायच्या नाहीत. महिन्याभरात बाई निम्मी झाली. डॉक्टरकडे नेलं तर सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी प्रथमेश म्हणाला, "घर बदलू या."

मी म्हटलं, "संडासासाठी?"

तो म्हणाला, "आईसाठी."

आता जपानमध्ये परदेशी माणसाला भाड्याने घर मिळणं म्हणजे आधीच आनंदीआनंद. मालकांना परदेशी नको आहेत, हे एजंट इतकं वाकून वाकून सांगतो की शेवटी आपणच त्याची समजूत काढतो. त्यात आमची ही अट. घरं बघता बघता एका दिवशी तो एजंट दबक्या आवाजात मला म्हणाला, "आजींना ईशान्येची काही अडचण आहे का?"

मी वैतागून सांगून टाकलं. "ईशान्येला संडास नको. स्वयंपाकघर नको. घाण नको. जागा कशी स्वच्छ पाहिजे."

त्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "किमोन!" म्हणाला. "तुम्ही किमोन पाळता! मग एक घर आहे. मालकीणबाई फार कडक आहेत, कुणाला देत नाहीत. पण तुम्हाला देतील."

किमोन म्हणजे यांचं वास्तुशास्त्र असणार, अशी मी आपली समजूत करून घेतली. नियम तेच, म्हणजे शास्त्रही तेच. हातातोंडाशी आलेलं घर, त्यात चौकशा कसल्या करायच्या?

घर जुन्या एदो नदीच्या अंगाला, एका गल्लीत होतं. लाकडी, दोन मजली, जुनं. शेजारच्याच घरात मालकीणबाई राहायच्या, होसोया-सान, आपल्या भाषेत होसोयाबाई. वय ऐंशीच्या पुढे, अंगाने काडी, करड्या रंगाचा एप्रन, हातात बागेची कात्री. बोलणं मोजकंच. सासूबाई घराला वळसा घालून आल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. या घराला ईशान्येचा कोपराच नव्हता. भिंत तिथे आत घेतली होती, वडीचा कोपरा मोडून घ्यावा तशी. आमच्या वास्तुवाल्यांच्या मते याहून वाईट काही नाही. मी मनात म्हटलं, झालं, आगीतून निघालो आणि फुफाट्यात पडलो.

तेवढ्यात सासूबाईंनी वर पाहिलं. वळचणीखाली, बारीक जाळीच्या आड, लाकडाचं एक माकड बसलं होतं. वीतभर उंच, खांद्यावर काठी, डोळे वटारलेले.

"अगं बाई! मारुती!"

सासूबाईंनी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. होसोया-साननी त्यांच्याकडे पाहिलं, कात्री खाली ठेवली आणि त्यांनीही हात जोडले. दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी डोळे मिटून उभ्या. एजंट माझ्याकडे बघून हसला, आणि घर आमचं झालं. अट एकच. त्या कोपऱ्यात काही बांधायचं नाही, काही ठेवायचं नाही.

पुढची जवळजवळ दोन वर्षं इतकी सुखाची गेली की मला संशय यायला हवा होता. सासूबाईंनी घराच्या आतल्या बाजूने त्याच कोपऱ्याच्या भिंतीला देवघर मांडलं. होसोया-सान एकदा आत आल्या, तेवत असलेली समई पाहिली आणि समाधानाने कितीतरी वेळ मान हलवत राहिल्या. त्या दर महिन्याला माकडाखाली वाटीभर मीठ ठेवायच्या. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट काढतात हो या. अगदी आपल्यासारखं मीठ!" इकडून चिवड्याचा डबा जायचा, तिकडून त्याच डब्यात पर्सिमनची फळं यायची. एकीला मराठी, एकीला जपानी, तरी कुंपणापाशी दोघी तास तास बोलत उभ्या. मी विचारलं, "आई, कळतं काय तुम्हाला?" तर म्हणाल्या, "न कळायला काय झालं? गुडघ्यांचंच तर बोलत असतो."

मुख्य म्हणजे त्यांचं दारातलं स्टूल उचललं गेलं. कोपरा सांभाळलेला आहे, देव घरात आहे, आता प्रथमेशला काही होत नाही, अशी त्यांची खात्री पटली. जेवायला लागल्या, झोपायला लागल्या, मला टोमणे मारायला लागल्या. टोमणे ऐकून मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता.

आणि मग आली हनुमान जयंती.

मी कावासाकीला ऑफिसात होते. फॅमिली ग्रुपवर धडाधड मेसेज यायला लागले. उघडून बघते तर फोटो. आमच्या घराची वळचण, जाळी बाजूला सारलेली, आणि माकड डोक्यापासून शेपटीपर्यंत शेंदरी! तेल ठिबकतंय. गळ्यात कसल्याशा पानांची माळ, कारण रुईची पानं इथे कुठून मिळणार. खाली सासूबाईंनी लिहिलं होतं, 'टोकियोचा मारुतीराया.' त्या पातेल्याला पात्र असलेल्या लांबच्या दिरांनीसुद्धा हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

माझ्या शेजारी नागाई-सान बसतात. साधा, सज्जन माणूस, न पटलेल्या गोष्टीलाही आधी हो म्हणणारा. त्यांची नजर माझ्या फोनवर पडली आणि ते खुर्चीत ताठ झाले.

"नुपूर-सान, हे माकड घराच्या ईशान्येला आहे?"

"हो."

"आणि हा रंग?"

"सासूबाईंनी लावला. देव आहे ना तो."

"देव नाही," नागाई-सान म्हणाले. "पहारेकरी आहे."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं. किमोन म्हणजे भुतांचं दार. चिनी लोकांची फार जुनी समजूत. समुद्रातल्या एका डोंगरावर पीचचं अवाढव्य झाड आहे, आणि त्याच्या ईशान्येकडच्या फांद्यांमधून भुतं ये-जा करतात. यिन आणि यांग, पंचतत्त्वं, दिशांची गणितं, हे सगळं हजार-दीड हजार वर्षांपूर्वी तिकडून इकडे आलं आणि इथल्या घरांत, देवळांत, चित्रांत जाऊन बसलं. उएनोचं मोठं देऊळ टोकियोच्या जुन्या किल्ल्याच्या ईशान्येला बांधलं ते शहराचं रक्षण व्हावं म्हणून. आणि घर बांधताना सुतार ईशान्येचा कोपराच काढून टाकतात. कोपराच नाही, तर भुतं येणार कुठून?

"पण माकडच का?" मी विचारलं.

"चिनी गणितात बारा दिशांना बारा प्राणी आहेत. ईशान्य येते बैल आणि वाघाच्या मध्ये. म्हणून आमच्या चित्रकारांनी भुतं काढली ती बैलाची शिंगं असलेली आणि वाघाच्या कातडीचा लंगोट घातलेली. आणि ईशान्येच्या बरोबर समोर कोण, तर माकड. ते भुतांकडे डोळे वटारून बसतं."

"म्हणजे आमचं देवघर भुतांच्या दाराला टेकून आहे?"

नागाई-साननी बराच विचार केला. "तसं म्हणता येईल," म्हणाले.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी पळाले. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. बोटं अजून शेंदरी. मला पाहून म्हणाल्या, "होसोयाबाई आल्या होत्या गं. मारुतीकडे बघितलं आणि खालीच बसल्या, मातीत. मी प्रसाद दिला तो मुठीतच धरला. उठल्या आणि सरळ घरी गेल्या. माझं काय चुकलं?"

खरं म्हणजे हळूहळू सांगायचं होतं. पण माझ्या जिभेला हळूहळू माहीतच नाही. "काय चुकलं? आई, ते मारुती नाही! ते त्यांचं माकड आहे, आणि ही देवाची जागा नाही, भुतांचं दार आहे दार! आणि तुम्ही त्यांच्या पहारेकऱ्याला तेलात बुडवलंत!"

त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. "म्हणजे मी इतके दिवस भुतांच्या दारात दिवा लावत होते?"

मी चपला काढायला वाकले.

"प्रथमेश कुठे आहे?" त्यांनी विचारलं. आणि उठून त्या आत गेल्या, ते स्टूल घेऊन बाहेर आल्या आणि दारात ठेवून त्यावर बसल्या. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी मला हाक मारली. "ती भुतं दिसतात कशी ते दाखव जरा."

मी फोनवर एक जुनं चित्र काढून दिलं. त्या चष्मा लावून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नुपूर, हा बैल. हे वाघाचं कातडं. बरोबर भुतांचं लटांबर. अगं, हे सगळं सामान आपल्या महादेवाचं नाही का?"

मी चहा ओतत होते तो बशीत सांडला.

"ईशान्य कुणाची?" त्या म्हणाल्या. "ईशानाची. ईशान म्हणजे महादेवच ना?"

प्रथमेश टाय बांधता बांधता म्हणाला, "आई, महादेव नंदीवर बसतो. यांच्या डोक्यावर शिंगं आहेत. फरक आहे."

"असेल. चित्रकाराने ऐकीव माहितीवर काढलं असेल."

"मग तो देव आहे की भूत?" मी विचारलं.

"तेच तर मी तुला विचारतेय!"

मी इंजिनिअर बाई. प्रोग्राम बिघडला तर कुठे बिघडला ते शोधून काढते, ते माझं पोट आहे. पण इथे मला काही म्हणजे काही कळेना. एकाच कोपऱ्यात आमचे देव बसवतात आणि यांची भुतं अडवतात, आणि नियम मात्र दोघांचे तेच. संडास नको, घाण नको, स्वच्छ ठेवा. यांच्याकडे कोपरा कापला की रक्षण, आमच्याकडे कापला की सत्यानाश. बरं, वेशीवर मारुती बसवतो तोसुद्धा भुतं अडवायलाच ना आपण? मग सासूबाईंचं फार चुकलं म्हणावं, तर तेही धड म्हणवेना. विचार करून करून डोक्याचं भजं झालं. प्रथमेशला विचारलं तर म्हणाला, माझी ट्रेन चुकेल.

होसोया-सान आता कुंपणापाशी येईनात. डबा पाठवला तर घेतला, पण रिकामा परत आला. संध्याकाळ झाली की त्या आपल्या वरच्या खिडकीत उभ्या राहायच्या आणि आमच्या फाटकाकडे टक लावून बघायच्या. प्रथमेश आत शिरला की पडदा ओढायच्या. खाली दारात आमची म्हातारी स्टुलावर, वर खिडकीत ती म्हातारी, आणि मध्ये बिचारा प्रथमेश दप्तर सांभाळत यायचा. मी म्हटलं, राग धरून बसल्यात. आम्ही तो शेंदूर पुसायचाही प्रयत्न केला, पण तेल लाकडात मुरलेलं. पुसला तेवढा पसरला.

त्यात घराचा करार संपत आलेला. होसोया-सानचा फोन आला, रविवारी या, कराराबद्दल बोलायचं आहे. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, "माझं तिकीट काढा. माझ्यामुळे तुमचं घर जातंय. मी पुण्याला जाते."

त्या बंद पडद्याच्या घरात. एकट्या. मला भडभडून आलं आणि म्हणून मी ओरडले, "कुठेही जायचं नाही!" मला रडू आलं की आधी राग येतो, ही माझी जुनी खोड.

रविवारी प्रथमेशला कामावर जावं लागलं, म्हणून मी आणि सासूबाईच गेलो. मी जपानी रिवाजाप्रमाणे मिठाईचा खोका घेतला होता, माफीची वाक्यं पाठ केली होती. सासूबाईंनी बसल्या बसल्या कपाळ चटईला टेकवलं. होसोया-साननी घाईघाईने त्यांना उठवलं, चहा ओतला, आणि मला म्हणाल्या, "मी रागावलेली नाही. मला भीती वाटते."

मग त्या बोलल्या. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते घर त्यांच्या वडिलांनी बांधलं. वडील सुतार. माकडही त्यांनीच कोरलेलं. लग्नानंतर होसोया-सान त्याच घरात राहिल्या. नवरा रेल्वेत, आधुनिक विचारांचा. पुढे सासू अंथरुणाला खिळली. संडास मागच्या टोकाला, तिला नेता नेता यांचे हाल व्हायचे.

"तेव्हा मीच म्हणाले," होसोया-सान म्हणाल्या. "तो रिकामा कोपरा आहे, तिथे संडास बांधू या. यजमानांनी माकड काढून कपाटात ठेवलं आणि कोपरा भरून संडास बांधला. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मी संडास पाडला, कोपरा पुन्हा मोकळा केला, माकड जागेवर बसवलं. पण माणूस गेला तो गेला." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "आता माकड असं झालंय. ते पहारा देतंय की नाही, मला कळत नाही. रोज संध्याकाळी मी तुमच्या यजमानांची वाट बघते. ते घरात शिरले की मग मला चहा जातो. माझ्याच्याने हे दुसऱ्यांदा होणार नाही. तुम्ही दुसरं घर बघा."

आणि मी मूर्ख, मी समजत होते राग.

सासूबाई माझी बाही ओढत होत्या. "काय म्हणतायत? काय म्हणतायत?" मी सांगत गेले. संडास हा शब्द आला तशी बाहीवरची ओढ थांबली.

"कुठल्या कोपऱ्यात?"

"त्याच, आई. ईशान्येच्या."

"आणि कुणी सांगितलं होतं बांधायला?"

"यांनीच."

सासूबाई होसोया-सानकडे वळल्या. मग मला मध्ये न घेता, सरळ मराठीत, त्यांना म्हणाल्या, "बाई, माझ्याही घरात. तोच कोपरा. मीच पसंत केलं होतं ते घर. पर्वती दिसते म्हणून." आम्हाला हे ठाऊक होतं, पण चार वर्षांत त्या स्वतः कुणाजवळही हे बोलल्या नव्हत्या. मी जपानीत सांगितलं.

होसोया-सान पुढे सरकल्या. "तुमच्याकडेही भुतं त्याच दाराने आली?"

"भुतं नाही हो. आमच्याकडे तिथे देव असतो. तो निघून गेला."

"गेला? माझ्याकडे तर आले."

मग सासूबाईंनी विचारलं, "मग तिथे राहतं तरी कोण?"

मी प्रश्न जपानीत केला. होसोया-साननी खिडकीतून त्या शेंदरी माकडाकडे पाहिलं. जन्मभर त्या कोपऱ्यात मीठ ठेवणारी बाई, पण मान हलवून म्हणाली, "मला माहीत नाही."

"मलाही," सासूबाई म्हणाल्या.

चहाचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, "काय झालं होतं यांच्या यजमानांना?"

"पोटाचा आजार," होसोया-सान म्हणाल्या. "वर्षभर दुखत होतं. मला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणायचे, गॅस झालाय."

मी ते सांगितलं मात्र, सासूबाई उसळल्या. "आमचेही तेच! छातीत दुखायचं, डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणायचे, गॅसेस आहेत, ओवा दे! दोनदा झालं असं. ओवा खाऊन बरा होतो का हो हार्ट?"

ओव्याला जपानीत काय म्हणतात मला माहीत नाही. मी नुसतं गॅस सांगितलं. होसोया-साननी तोंडावर हात ठेवला आणि त्यांना हसू फुटलं. "तेच! अगदी तेच!" मग सासूबाई हसायला लागल्या. दोन विधवा म्हाताऱ्या, दोन मेलेल्या नवऱ्यांच्या गॅसवर पोट धरून हसतायत आणि मी मध्ये बसून बघतेय. हसता हसता सासूबाईंचा आवाज कधी बदलला ते मला कळलंच नाही. त्या रडत होत्या. चार वर्षांत पहिल्यांदा, हमसून हमसून.

त्यांनी होसोया-सानचा हात धरला आणि विचारलं, "माझ्यामुळे नाही ना हो गेले ते?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण त्याआधीच होसोया-सान जोरजोरात मान हलवून नाही, नाही म्हणत होत्या. त्यांना सांगायची गरज नव्हती. हा प्रश्न त्या स्वतःला किती वर्षं विचारत आल्या असतील. मग त्यांनी जपानीत काहीतरी विचारलं, इतकं हळू की मलाही नीट ऐकू आलं नाही. सासूबाईंना जपानीचा एक शब्द येत नाही. पण त्या लगेच म्हणाल्या, "नाही हो बाई. मुळीच नाही."

करार पुढे चालू राहिला. होसोया-साननी फक्त एक विचारलं, हा रंग उतरला की काय करायचं? सासूबाई म्हणाल्या, उतरायच्या आत दुसरा द्यायचा, एकदा शेंदूर लावला की सोडता येत नाही. आता शनिवारी त्या तेलाची वाटी घेऊन उभ्या राहतात, होसोया-सान मिठाची, आणि माकड दोघींकडे डोळे वटारून बघतं. तिथे देव आहे की भूत, की नुसतं लाकूड, मला अजूनही काही कळलेलं नाही. शनिवारी स्टूल मात्र मीच धरते, कारण पडल्या तर निस्तरायचं मलाच आहे.

त्या रविवारी घरी परत येताना, कुंपणापाशी सासूबाई थांबल्या. म्हणाल्या, "चित्राला फोन लाव. तिला म्हणावं, पुण्याच्या घरी जाऊन ये आणि स्वयंपाकघराचा पडदा उघड."

संध्याकाळी चित्राताईंचा फोटो आला. काचेवर धूळ होती, पण पर्वती दिसत होती.